अर्धा कोयता

यंत्र एकटंच आलं होतं, म्हणून आश्रुबा मुकादमानं त्याला अर्धा कोयता धरलं.

ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नसतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कारखाना काम देत नाही, त्यामुळे मुकादमही बरोबर नेत नाही. हे यंत्र शंभर जोड्यांचा ऊस तोडतं, असं आश्रुबाला कारखान्यानं कळवलं होतं. पण ते एकटं होतं आणि त्याला आश्रुबाकडं इलाज नव्हता.

कृष्णाकाठच्या त्या कारखान्यानं यंत्र त्याच वर्षी घेतलं होतं. यंत्रांच्या खात्यात तरतूद उरली नव्हती, मजुरांच्या खात्यात होती. म्हणून संचालक मंडळानं ते मजूर म्हणून घेतलं. मजूर मुकादमामार्फतच आला पाहिजे, असा नियम असल्यामुळे त्याला आधी बालाघाटाच्या डोंगरात, खोकरवाडीला पाठवण्यात आलं. तिथून ते टोळीबरोबर परत कारखान्यावर जायचं होतं. ते आपलं आपण आलं. फाटा लागला की थांबायचं, कुणी हातानं दिशा दाखवली की पुढं निघायचं, असं करत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते आश्रुबाच्या दारात पोचलं आणि टोळीत नाव द्यायला लागलेल्या रांगेत सगळ्यांच्या मागं उभं राहिलं. हिरव्या रंगाचं, घराएवढं, पुढं दोन पिळदार शिंगं, मागं उंच सोंड. केबिनमध्ये खुर्ची होती. खुर्चीवर कुणी नव्हतं.

"गाव?" आश्रुबानं विचारलं.

यंत्रानं हॉर्न दिला.

"जोडीदार?"

यंत्र गप्प राहिलं.

"मग अर्धा. बाजूला हो," आश्रुबा म्हणाला. यंत्र बाजूला झालं.

बाजूला सुदामती आधीपासून उभी होती. तीही अर्धीच होती.

सुदामतीच्या तोंडाला खोकरवाडीत कुणी लागत नसे. तिचा नवरा भगवान होता तोवर ती दरवर्षी टोळीबरोबर जायची. भगवान ऊस तोडायचा, ती मोळ्या बांधायची, आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंत त्याला बोलायची. बुडाची खोडकी उंच राहिली, शेंड्याचं वाढं नीट छाटलं नाही, कोयत्याला धार नाही, पायताण फाटलंय ते दिसत नाही का. भगवान प्रत्येक वाक्याला "हं" म्हणायचा आणि तिनं सांगितलेलं करायचा. त्यांच्या जोडीइतका ऊस टोळीत दुसरी कुठलीच जोडी तोडत नसे. मग एका पावसाळ्यात भगवान तापानं गेला. त्यानंतर दोन हंगाम सुदामती गावातच राहिली. टोळी गेल्यावर गावात म्हातारी माणसं, शेरडं आणि कुलपं राहतात. बोलायचं कुणाला, हा तिच्यापुढचा मोठा प्रश्न होता.

ती यंत्राकडं बघत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या लांबून आलास अन् अंगभर चिखल. कामाला यायची ही रीत हाय का? पुसून तरी यायचं."

यंत्रानं हॉर्न दिला. अगदी हळू. "हं" म्हटल्याएवढाच आवाज झाला.

सुदामतीनं पदर डोक्यावर नीट घेतला. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही, आणि रांगेतल्या बायकांनी वळून तिच्याकडं पाहिलं. मग ती सरळ आश्रुबापुढं गेली.

"मुकादम, अर्धा अन् अर्धा किती?"

"एक."

"मग आम्हाला एक धरा."

आश्रुबानं टोपी मागं सारून डोकं खाजवलं. "आगं, जोडी म्हंजी नवरा-बायकू."

"नियमात काय हाय? जोडी, का नवरा-बायकू?"

"जोडी," आश्रुबानं कबूल केलं.

"माझ्या आज्याकडं एकच बैल होता. शेजाऱ्याकडं एकच. सावड करून दोघांची औतं चालली. त्या बैलांची काय लग्नं लावली होती?"

आश्रुबा विचारात पडला. त्याचे वडीलही सावडीनंच शेती करायचे आणि बैलांच्या लग्नाचं त्यालाही काही आठवत नव्हतं. त्यानं यंत्राला विचारलं, "तुझी काय हरकत?" यंत्रानं पुन्हा तसाच लहान हॉर्न दिला. अशा रीतीनं टोळीत एक कोयता वाढला.

वाटेत ट्रॉलीत केशरबाईनं सुदामतीला कोपरानं ढोसलं. केशरबाई आणि तिचा नवरा उत्तम ही टोळीतली जुनी जोडी. "जोडी म्हंजी कशी गं?"

"ऊस तोडायची."

"तेवढीच?"

"तू अन् उत्तम रानात अजून काय करता?" सुदामती म्हणाली. ट्रॉलीत हसू उसळलं. यंत्र मागून आपल्या चालीनं येत होतं.

कारखान्यानं प्रत्येक कोयत्याला एक कोपी बांधायला बांबू आणि चटया दिल्या. सुदामतीच्या कोपीत यंत्र मावलं नाही. ते दारात उभं राहिलं आणि पहाटे दव गळू नये म्हणून त्यानं आपली सोंड कोपीवर आडवी धरली. "जास्त खाली घेऊ नको, चटई फाटंल," सुदामती आतून म्हणाली. सोंड वीतभर वर गेली.

पहिल्या दिवशी टोळीला उसाचा जो फड मिळाला तो आठवडाभर पुरेल असा होता. सुदामतीनं कंबर खोचली आणि मोळ्या बांधायला वाढी पिळून तयार ठेवली. यंत्र फडात शिरलं. शिंगांनी ऊस गोळा झाला, बुडातून तुटला, आत कुठंतरी त्याच्या कांड्या झाल्या, आणि सोंडेतून त्या शेजारच्या ट्रॉलीत पडू लागल्या. बांधायला मोळीच नव्हती. सुदामतीनं पिळलेली वाढी खाली टाकली आणि ती यंत्राच्या बाजूनं चालू लागली.

"खोडकी उंच राहतीय. खाली बस जरा. आणखी. हां. आता तिकडं बघ, एक ऊस सोडलास. पाहुण्यासारखा काय तोडतोस?"

यंत्र खाली बसलं, मागं फिरलं, सुटलेला ऊस घेऊन पुन्हा रांगेला लागलं. जसजशी ती बोलत गेली तसतसं ते नीट तोडत गेलं. तिच्याही आवाजाला धार चढत गेली. दोन वर्षं साठलेलं सगळं त्या फडात बाहेर पडलं. शेवटची सरी संपली तेव्हा सूर्य डोक्यावर यायचा होता आणि सुदामतीचा घसा बसला होता. तिला इतकं बरं दोन वर्षांत वाटलं नव्हतं.

मग तिनं वळून पाहिलं. टोळीतल्या सगळ्या जोड्या बांधावर उभ्या होत्या. हातात कोयते, आणि पुढं मोकळं रान.

शेवटी केशरबाई पुढं आली. "विहिरीवर इंजिन आलं तवा माझ्या आज्याची मोट सुटली. मळणी यंत्र आलं तवा आईच्या हातातलं सूप गेलं. ट्रॅक्टर आला अन् बापानं बैलं बाजाराला नेली. परत्येक येळी आम्हाला सांगितलं, आता कष्ट सरलं. कष्ट न्हाई सरलं सुदामती, काम सरलं. ते सरत सरत हातात हा कोयता राहिला. आता तोबी सरवायला तू हे यंत्र घेऊन आलीस."

त्या दिवशी चूल पेटवायला तिनं विस्तव मागितला तर चार कोप्यांतून "न्हाई" आलं. तिनं भाकरी केलीच नाही. यंत्राच्या चाकाला टेकून ती बसून राहिली, आणि केशरबाई म्हणाली त्यातलं एकही वाक्य तिला खोडता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचे शेतकी अधिकारी घोरपडे साहेब जीपमधून आले. ते सरळ माणूस होते. नियमाबाहेर त्यांनी कधी कुणाला त्रास दिला नव्हता आणि नियमाबाहेर कधी कुणाला मदतही केली नव्हती. त्यांनी रिकामा फड पाहिला, यंत्राचं अभिनंदन केलं आणि आश्रुबाला सांगितलं, "या एका कोयत्यानं काम भागतंय. बाकीच्यांनी आपापल्या गावी जायला हरकत नाही."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. उत्तमनं हातातला कोयता खाली ठेवला.

"साहेब," सुदामतीचा आवाज अजून बसलेलाच होता, "हे यंत्र हाय का मजूर?"

घोरपडे साहेब थबकले. प्रश्न अवघड होता. यंत्र म्हणावं तर यंत्रांच्या खात्यात ते नव्हतंच, म्हणजे ते कारखान्याचं नव्हतं, आणि परक्या यंत्राला कारखान्याच्या फडात पाऊल टाकता येत नव्हतं. "मजूर," ते म्हणाले.

"कुठल्या टोळीतला?"

"आश्रुबाच्या."

"अन् टोळीचा ऊस कसा मोजता?"

"एकत्र. नंतर कोयत्यांवर सारखा वाटून."

"मग कालचा ऊस आम्ही सगळ्यांनीच तोडला की. घरी कुणाला पाठवता?"

साहेबांना बाईचं म्हणणं नियमाला धरून वाटलं, पण मनाला पटलं नाही. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. "टोळी राहील. मात्र मजुरानं मजुराइतकंच काम करावं. एका मजुरानं शंभरांचं काम करणं ही चूक झाली. उद्यापासून हा कोयता एका कोयत्याइतकाच ऊस तोडेल. समजलं?"

यंत्रानं हॉर्न दिला.

त्यानंतर यंत्र रोज सकाळी फडात जायचं, चहाला आधण येईपर्यंत तोडायचं आणि थांबायचं. बाकीचा दिवस ते बांधावर उभं राहायचं आणि सुदामती त्याच्या सावलीत बसायची. टोळी हातानं तोडत होती. मात्र एक गोष्ट साहेबांच्या ध्यानातून गेली होती. यंत्र येणार म्हणून कारखान्यानं त्या वर्षी निम्म्या टोळ्या बोलावल्याच नव्हत्या. चार-पाच दिवसांत ट्रॉल्या अर्ध्या भरून जाऊ लागल्या. मग कारखान्याच्या धुराड्यातला धूर बारीक झाला. एक दिवस सकाळचा भोंगा वाजलाच नाही. आजूबाजूच्या गावांत माणसं भोंग्यावर उठत असत. त्या दिवशी सगळा परिसर उशिरा उठला. ज्यांचा ऊस उभा होता ते शेतकरी घोरपडे साहेबांच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर येऊन बसले.

दुपारी साहेब पायी चालत बांधावर आले. जीप त्यांनी मुद्दामच रस्त्याला ठेवली होती. सुदामती एकटी होती.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमची जोडी टोळीतून वेगळी काढू. तुम्ही दोघं म्हणजेच एक टोळी. जेवढा तोडाल तेवढा सगळा तुमचा. कुणाला वाटा नाही."

सुदामतीनं फडाकडं पाहिलं. लांबवर केशरबाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होती. गुडघ्यावर हात देऊन, थांबत थांबत. सुदामतीला न दिलेला विस्तव आठवला. दोन हंगाम टोळीचे ट्रॅक्टर धूळ उडवत गेलेले आणि कुणी मागं वळून न पाहिलेलं आठवलं. मग मात्र कुलूप लावलेलं गावही आठवलं. टोळीचं काम गेलं की उत्तम दुसरीकडं कुठंतरी कामाला गेला असता आणि तिथं आता केशरबाई एकटी बसली असती. तिची वाणी तशी मऊ. भिंतीशी भांडून दिवस काढणं तिला जमलं नसतं.

"काय रं?" तिनं यंत्राला विचारलं. यंत्र गप्प राहिलं. हे तिचं तिनंच ठरवायचं होतं.

"साहेब, एका जोडीची टोळी होती का?"

"एका जोडीची होत नाही," साहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं. "पण आपण यंत्राला शंभर धरू. तोडतं तेवढं."

"शंभर कोयते?"

"शंभर."

"न्हाई साहेब. ते एकटं हाय, म्हंजी अर्धं हाय. शंभर धराल तर ते शंभर अर्धे झाले. मी त्यातल्या एकाच अर्ध्याला पुरते. बाकीच्या अर्ध्यांना जोडीदार कुठं हाय? अर्ध्या कोयत्याला तर तुम्ही काम देत न्हाई."

घोरपडे साहेब बांधावर बसले. त्यांनी बोटानं मातीत एक रेघ ओढली, तिच्याशेजारी दुसरी ओढली, आणि बराच वेळ दोन्हींकडं पाहत राहिले. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. सरळ माणसाला कोड्याचं उत्तर नियमात सापडलं की जसा आनंद होतो, तसा तो आनंद होता.

"बाई! बाकीच्या अर्ध्यांचे जोडीदार म्हणजे ही टोळीच. पाच-पाच, सहा-सहा अर्धे एकेका जोडीच्या वाट्याला येतात. मग यंत्रानं शंभरांचं तोडलं तरी ते नियमातच आहे, आणि जे तोडेल ते या सगळ्यांनीच तोडलं असं होतं. वाटा सारखा. वेगळी टोळी कशाला काढायची? काढताच येत नाही!"

"तुम्ही म्हणताय तर तसं," सुदामती म्हणाली.

साहेबांनी स्वतः फडात जाऊन सगळ्यांना हे समजावून सांगितलं. उत्तमनं ते दोनदा विचारून घेतलं. केशरबाईनं डोक्यावरची मोळी फळीवरच टाकली, चुंबळ काढून हातात घेतली आणि ती सुदामतीकडं बघत राहिली.

"उठ!" सुदामती यंत्राला म्हणाली. "लई बसलास. गंज चढंल."

यंत्र उठलं. असं काम त्या शिवारात कुणी पाहिलं नव्हतं. पडलेला ऊस, उभा ऊस, आडसाली, खोडवा, सगळं ते घेत गेलं. गडी पुढं राहून दगड वेचायचे, बांधाच्या कडेचे आणि कोपऱ्यातले ऊस कोयत्यानं काढून द्यायचे. बायका पाळीपाळीनं बरोबर चालायच्या. एकदा सुदामतीच्या ऐवजी उत्तमनं ओरडून पाहिलं, तर यंत्र जागीच थांबलं आणि त्यानं दिवे लावून सुदामती कुठं आहे ते शोधलं. पुढं बोलण्याचं काम तिच्याकडंच राहिलं. पहिल्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत ट्रॉल्यांची रांग कारखान्याच्या फाटकाबाहेर रस्त्यावर आली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भोंगा वाजला. तो नेहमीपेक्षा लांब वाजला असं सगळे म्हणाले.

संक्रांतीला कोप्यांमध्ये हळदीकुंकू असतं. भगवान गेल्यापासून सुदामतीला कुणी बोलावलं नव्हतं आणि तिनंही अपेक्षा ठेवली नव्हती. त्या दिवशी ती भाकरी थापत असताना केशरबाई करंडा घेऊन दारात उभी राहिली.

"मला कशाला?" सुदामती म्हणाली.

"कारखान्यात तुझी जोडी हाय. साहेब सोता बोलले."

"ती ऊस तोडायची."

"मग आमची कशाची हाय?" केशरबाई म्हणाली. "तूच म्हणली हुतीस. कपाळ पुढं कर."

सुदामतीनं कपाळ पुढं केलं. पिठाचे हात तिनं तसेच अधांतरी धरले होते. कुंकू लावून झाल्यावरही ते तिनं बराच वेळ खाली घेतले नाहीत.

त्या हंगामात टोळीत कुणाची मान आखडली नाही. मोळ्या वाहून वाहून बायकांच्या टाळूवरचे केस गेलेले असतात; फाल्गुन लागेपर्यंत केशरबाईच्या टाळूवर बोटभर नवे केस आले. ती येता-जाता त्यावरून हात फिरवायची आणि बाकीच्या बायकांना हात लावून बघायला सांगायची. पाडव्याला वेळ होता तोच कारखान्याचा सगळा ऊस संपला. हंगाम संपला की मजुरानं गावी जावं, असा नियम असल्यामुळे यंत्रही टोळीबरोबर निघालं. घोरपडे साहेब निरोप द्यायला फाटकापर्यंत आले. त्यांनी आश्रुबाला नारळ दिला, आणि थोडा विचार करून यंत्रालाही दिला. तो केबिनमधल्या खुर्चीवर ठेवण्यात आला.

ट्रॉल्या या खेपेला यंत्रालाच जोडल्या होत्या. सुदामती नारळ मांडीवर घेऊन केबिनमध्ये बसली होती. गावागावांतून माणसं रस्त्याला आली. घाटात चढ लागला तेव्हा मागच्या ट्रॉलीतून बायकांनी गाणं उचललं, आणि सुदामती खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत होती, "हसू नको, पुढं बघ, वळण हाय!"

खोकरवाडीच्या वेशीत सगळी म्हातारी माणसं जमली होती. उत्तमची आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. तिनं सुनेवरून, लेकावरून, सुदामतीवरून ओवाळलं. मग ती यंत्रापुढं गेली, भाकरतुकडा ओवाळून लांब फेकला, तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि थांबली.

"डोळं कुठं गं ह्याचं?"

"पुढचे दोन दिवे," सुदामती म्हणाली.

म्हातारीचा हात पोचेना. यंत्र पुढच्या बाजूनं खाली बसलं. म्हातारीनं दोन्ही दिव्यांना पाणी लावलं आणि पदरानं पुसून घेतलं.

"लांबून आलंय. दमलं आसंल."

"दमलंय तर," सुदामती म्हणाली. "मग बोलत काय बसलाय? उन्हात किती उभं करायचं त्याला? सावलीत घ्या."

गड्यांनी लिंबाखाली सोडलेली जुनी बैलगाडी ओढून बाजूला केली आणि यंत्राला जागा करून दिली.